नसलेला विषय

"हिची डिग्री निघत नाही," रणखांबे सर म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला.

रणखांबे सर आमच्या कॉलेजचे परीक्षा नियंत्रक. मे महिना होता. केबिनमधला कूलर फक्त त्यांच्याच अंगावर वारा घालत होता आणि मी दाराशी घाम पुसत उभा होतो. पडद्यावर अंतिम वर्षाच्या मुलांची नावं हिरव्या अक्षरांत होती. एकच नाव लाल होतं. वृषाली खरमाटे.

"नापास आहे?" मी विचारलं.

"छे. सगळे विषय निघालेत. कंपायलरमध्ये तर ए ग्रेड आहे."

"मग?"

"कंपायलर घ्यायच्या आधी जो विषय पास व्हावा लागतो, तो हिनं केलेलाच नाही. डिस्क्रीट स्ट्रक्चर्स टू. म्हणून सॉफ्टवेअर कंपायलरचे चार क्रेडिट धरत नाही. चार क्रेडिट कमी म्हणजे डिग्री नाही."

"पण सर, डिस्क्रीट स्ट्रक्चर्स टू असा गणिताचा विषय आपल्याकडे नाहीच. वन आहे, दुसऱ्या वर्षाला."

"ते मला नका सांगू, गवांदे. अभ्यासक्रमात लिहिलंय. विद्वत परिषदेनं मंजूर केलाय. मी काय, त्या पानावरचा स्वल्पविरामसुद्धा हलवू शकत नाही."

रणखांबे सर वाईट माणूस नव्हते. फक्त नियमाबाहेर त्यांना गुदमरायला व्हायचं.

वृषाली आमच्या कॉम्प्युटर डिपार्टमेंटची. पाथर्डीकडची, आई अंगणवाडीत, वडील लहानपणीच गेलेले. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेली. शेवटच्या वर्षाला आम्ही दोन ऐच्छिक विषय ठेवले होते, मशीन लर्निंग आणि कंपायलर. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवणारा जो प्रोग्राम असतो त्याला कंपायलर म्हणतात. तो कसा बांधायचा ते त्या विषयात शिकायचं. अवघड विषय, शिवाय फॅशन गेलेला. आमच्याकडे ऐच्छिक विषय म्हणजे वर्गप्रतिनिधीची इच्छा. त्यानं ग्रुपवर मशीन लर्निंग असं टाकलं आणि सगळ्या वर्गानं अंगठे दाखवले. एकट्या वृषालीनं कंपायलर मागितला. एका मुलीसाठी विषय चालवता येत नाही, असं तिला सगळ्यांनी सांगून पाहिलं. ती हलली नाही. शेवटी आमच्या विभागप्रमुख तांबोळी मॅडमनी तोडगा काढला. वृषालीनं स्वतःच अभ्यास करायचा, मार्गदर्शक म्हणून माझं नाव लावायचं. मार्गदर्शक म्हणजे सहीपुरता. ती अधूनमधून शंका घेऊन यायची, मला येत असलं तर सांगायचो, नाहीतर "उद्या बघू" म्हणायचो. तेवढ्यावर तिनं ए ग्रेड काढली.

आणि आता ती लाल अक्षरांत होती. पुण्यातल्या एका कंपनीत तिची निवड झाली होती, जुलैत रुजू व्हायचं होतं. शेवटची गुणपत्रिका दाखवल्याशिवाय ते आत घेणार नव्हते. दुसरा ऐच्छिक विषय घ्यायचा म्हटलं तर तो पुढच्या वर्षीच. म्हणजे नोकरीही गेली आणि वर्षही.

मी तांबोळी मॅडमकडे गेलो. मॅडम चष्मा कपाळावर चढवून डबा खात होत्या. ऐकलं आणि त्यांनी डब्याचं झाकणच लावून टाकलं.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "ते तसंच राहिलं वाटतं."

"काय राहिलं?"

"गवांदे, तुम्ही तेव्हा दुसऱ्या कॉलेजात होतात. कॉलेज स्वायत्त झालं आणि वर्षभरात तपासणी समिती येणार होती. चारही वर्षांचा अभ्यासक्रम आठवड्यात हवा होता. एवढ्यात कोण लिहितं? दक्षिणेकडच्या एका विद्यापीठाचा चांगला होता, तो घेतला. त्यांचं नाव सगळीकडून काढलं, लोगो काढला, त्यांच्या नदीवरचा एक प्रकल्प होता तोही काढला. त्यांच्याकडे डिस्क्रीट स्ट्रक्चर्सचे दोन भाग होते, आपण एकच ठेवला. पण कंपायलरच्या पानावर 'आधी टू पास असावा' ही ओळ राहून गेली."

"चार वर्षांत कुणाला दिसली नाही?"

"दिसायला ते पान कुणीतरी वाचायला हवं ना. ही पहिलीच बॅच शेवटच्या वर्षाला पोचली आणि कंपायलर घेणारी ही पहिलीच मुलगी. मशीन लर्निंगच्या पानावर काय काय निघेल अल्ला जाणे."

विद्वत परिषदेची बैठक सप्टेंबरात होती. तिथं ओळ काढता आली असती, पण तो बदल पुढच्या बॅचपासून. आम्ही दोघं पुन्हा रणखांबे सरांकडे गेलो. सरांनी नियमांची पुस्तिका मागून पुढून वाचली आणि त्यांचा चेहरा हळूहळू खुलला. असा खुललेला मी तो आधी पाहिला नव्हता.

"एक रस्ता आहे," ते म्हणाले. "मंजूर कागदावर ज्या विषयाचं नाव आहे, तो कुठलाही विषय विभागप्रमुखांना उन्हाळी सत्रात चालवता येतो. आणि या विषयाचं नाव मंजूर कागदावर आहे. कंपायलरच्या पानावर."

"म्हणजे जो विषय नाही म्हणून ती अडकली," मी म्हणालो, "तोच चालवायचा?"

"चालवायचा म्हणजे," मॅडम म्हणाल्या, "कागदोपत्री हो. अभ्यासक्रमाचं एक पान तुम्ही जोडा. हजेरी लावा, एक पेपर घ्या, साठ-पासष्ट मार्क द्या. आमची चूक आहे, तिनं का भोगावी?"

मला ते अगदी पटलं. अजूनही त्यात काही गैर होतं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी वृषाली आली. कॉलेज रिकामं होतं, मुलं घरी गेलेली. मी तिला सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "तू काही काळजी करू नकोस. तीन-चार वेळा येऊन सह्या करून जा. जूनच्या शेवटी पेपर. तो मी बघतो."

ती म्हणाली, "सर, शिकवणार कधी?"

"काय?"

"विषय."

"अगं, विषय नाहीच आहे."

"पण गुणपत्रिकेवर येणार ना?"

"येणार."

"मग मला आला पाहिजे." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "सर, डिप्लोमाला आम्हाला सी प्रोग्रॅमिंगला सरच नव्हते. वर्षभर तास झाला नाही. सगळ्यांना ऐंशीच्या वर दिले. मला ब्याऐंशी. घरी पेढे वाटले. इथं आले तर साधा लूप लिहिता येईना, आणि कुणाला सांगताही येईना, कारण गुणपत्रिकेवर ब्याऐंशी होते. पुण्याच्या आधी एका कंपनीच्या मुलाखतीत त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? म्हणाले, यात तुम्हाला चांगले मार्क आहेत, यातलंच विचारतो."

"मग?"

"मग काय. तिथं झाली नाही निवड."

मी तिला सांगून पाहिलं की हातात पाच आठवडे आहेत, ऊन आहे, राहण्या-जेवण्याची सोय नाही. ती म्हणाली, मावशी इथंच स्टँडमागं राहते. मी म्हणालो, खरं शिकवलं तर पेपरही खरा काढावा लागेल. ती म्हणाली, काढा.

घरी जाऊन मी इंटरनेटवर त्या दक्षिणेकडच्या विद्यापीठाचं पान शोधलं, म्हणजे तिथून उचलता येईल. सवय होती. दुसऱ्या दिवशी छापून तिच्यापुढं ठेवलं.

तिनं वाचलं. "यातलं कंपायलरला काय लागतं, सर?"

"सगळंच लागत असेल. त्यांनी लिहिलंय म्हणजे."

"मी सांगू का मी कुठं कुठं अडले होते?"

आणि तिनं सांगितलं. पहिल्या प्रकरणात इथं अडले, तिसऱ्यात इथं, हे पुस्तकात 'उघड आहे' असं लिहिलं होतं पण मला उघड दिसलं नाही, हे पाठ केलं, हे तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही 'उद्या बघू' म्हणालात. मी लिहून घेत गेलो. एखादी गोष्ट सगळ्यांसाठी खरी आहे हे एकेक न तपासता सिद्ध कसं करायचं. एखादी कृती कधीतरी संपेलच याची खात्री कशी द्यायची. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, म्हणजे आलेख. असं करत पान भरलं. माझ्या पाच वर्षांच्या नोकरीत अभ्यासक्रमाची तीन पानं मी केली होती, तिन्ही इकडून तिकडून आणून. मुलगी कुठं अडते तिथून सुरू केलेलं हे पहिलंच पान.

आम्ही रोज सकाळी दोन तास बसायचो. मी रात्री वाचून यायचो, कारण यातलं बरंचसं मी स्वतः घोकून पास झालो होतो. ती प्रश्न विचारायची आणि मी फळ्याकडे तोंड करून विचार करतोय असं दाखवायचो. पहिल्या आठवड्यात खरं तर मला तिचा रागच यायचा. सह्या करून मोकळी झाली असती, मी गावाला जाऊन आंबे खाल्ले असते. पुढं पुढं राग गेला. एकदा एक सिद्धता दोघांनाही येईना. दोन दिवस झगडलो आणि तिसऱ्या दिवशी ती मला बसस्टँडसमोर रसवंतीत उभा असताना सुचली. मी ग्लास तसाच ठेवून तिच्या मावशीच्या घरी गेलो. मावशीनं दार उघडलं, मला घामाघूम बघून घाबरल्या आणि म्हणाल्या, "नापास झाली का हो?"

पेपर मी स्वतः काढला. आपण लिहिलेल्या अभ्यासक्रमावर पहिल्यांदाच पेपर काढत होतो, तेव्हा जरा अंगात आलं होतं हे खरं. शंभर मार्कांचा, पास व्हायला चाळीस. रणखांबे सरांनी तो सीलबंद पाकिटात घेतला, नियमाप्रमाणे दोघांच्या सह्या घेतल्या आणि साठ बाकांच्या हॉलमध्ये एकट्या वृषालीला बसवून स्वतः तीन तास पर्यवेक्षण केलं. मध्ये एकदा घंटाही वाजवली.

मी पेपर तपासला. छत्तीस आले.

पुन्हा बेरीज केली. छत्तीसच. मी पहिल्या पानापासून परत वाचत गेलो, कुठं काही सुटलंय का म्हणून. काही सुटलं नव्हतं. उलट, हात सैलच ठेवला होता. फेरपरीक्षा नोव्हेंबरात. म्हणजे जुलै गेला, कंपनी गेली. मॅडमच्या रस्त्यानं गेलो असतो तर पासष्ट मार्क आणि नोकरी, दोन्ही तिच्या हातात असतं. प्रामाणिकपणे शिकवलं म्हणून ती बुडत होती, आणि बुडत होती तीही नसलेल्या विषयात. मला इतकं वाईट वाटलं की मी तसाच उठून मॅडमच्या घरी गेलो.

"चार मार्क," मॅडम म्हणाल्या. "चार मार्क कुठूनही येतात, गवांदे. चार ओळींखाली एकेक."

"येतात. पण तिला कळेल."

"कसं कळेल?"

"ती पेपर मागेल."

मॅडमनी मान हलवली. "मग तिलाच बोलवा. मीही येते. बघू काय निघतं ते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं माझ्या वर्गात बसलो. मी मार्क सांगितले. तिचा चेहरा उतरला, पण ती रडली वगैरे नाही. "बघू का?" म्हणाली. मी पेपर दिला. ती एकेक पान उलटत गेली. मॅडम खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या.

"सर, पाचव्यात हे दोन मार्क कशाचे?" तिनं विचारलं.

"कुठले?"

"हे. मी इथं फक्त प्रश्न परत लिहिलाय. पुढं काही आलं नाही म्हणून सोडून दिलंय."

मी बघितलं. खरंच तिनं प्रश्नच उतरवून ठेवला होता. "सुरुवात केलीस म्हणून दिले," मी म्हणालो.

"ही सुरुवात नाही सर."

"वृषाली," मॅडम म्हणाल्या, "तू आधीच चारनं खाली आहेस."

"हो मॅडम. पण हे असू दे म्हटलं तर मग मला चौथ्या प्रश्नावर भांडता येणार नाही. आधी ते काढा सर."

मी लाल पेन काढलं. दोन खोडले. छत्तीसचे चौतीस झाले. मॅडमनी कपाळाला हात लावला.

"आता चौथा," ती म्हणाली. "आठपैकी दोन दिलेत. हे उत्तर बरोबर आहे."

चौथा प्रश्न असा होता. एका समारंभात पाहुण्यांनी एकमेकांशी हात मिळवले, कुणी किती, याला काही धरबंध नाही. ज्यांनी विषम वेळा हात मिळवला अशा पाहुण्यांची संख्या नेहमी समच असते, हे सिद्ध करा. याला एक ठरलेली रीत आहे. एक बेरीज मांडायची, सूत्र लावायचं, चार ओळींत संपतं. वृषालीनं अर्धं पान नुसता मजकूर लिहिला होता. सूत्र कुठंच नव्हतं. मी अर्ध्यावर वाचणं सोडून दोन मार्क देऊन पुढं गेलो होतो. पेपर तपासताना आपण उत्तर वाचत नाही, आपल्या डोक्यातलं उत्तर तिथं आहे का ते शोधतो.

"समजावून सांग," मी म्हणालो.

ती फळ्याकडे गेली. खडू हातात घेतला, पण काही लिहिलं नाही. "मांडवात सगळे आलेत. अजून कुणीच कुणाशी हात मिळवला नाही. आता विषमवाले किती?"

"कुणीच नाही," मॅडम म्हणाल्या.

"शून्य. शून्य सम. आता पहिल्या दोघांनी हात मिळवला. ते दोघं विषम झाले. शून्याचे दोन. आता पुढचे कुणीही दोघं हात मिळवतात. दोघं आत्तापर्यंत समवाले असतील, तर दोघंही विषम होतात. विषमवाले दोननं वाढले."

"आणि दोघं विषमवाले असतील तर?" मॅडम आता पुढं सरकून बसल्या होत्या.

"तर दोघंही सम होतात. विषमवाले दोननं कमी."

"एक सम आणि एक विषम?" मी विचारलं.

"तर त्यांची अदलाबदल होते, सर. सम होता तो विषम झाला, विषम होता तो सम. एकूण तेवढेच." तिनं खडू खाली ठेवला. "म्हणजे दर वेळी दोन वाढतात, दोन कमी होतात, नाहीतर तेवढेच राहतात. सुरुवात शून्यापासून. मग विषमवाल्यांची संख्या कधी विषम होईलच कशी? मग मांडवात पाहुणे कितीही असोत."

मी मनातल्या मनात तीन-चार समारंभ करून बघितले. कुठंच अडलं नाही. मी शिकवलेली रीत ही नव्हतीच. पुस्तकात असेल कुठं तर मला माहीत नव्हती. तिला ती तिथं, त्या साठ बाकांच्या हॉलमध्ये, रणखांबे सरांच्या देखत सुचली होती.

"पटलं का?" मॅडमनी मला विचारलं. "मला तर पटलं."

"पूर्ण लिहिलंय का पण पेपरात?" मी म्हणालो आणि ते अर्धं पान पहिल्यांदा नीट वाचलं. तिन्ही शक्यता लिहिल्या होत्या. शून्यापासूनची सुरुवात होती. शेवटची ओळ होती. इंग्रजी कच्चं होतं, बाकी एक शब्द कमी नव्हता. मी दोन खोडून आठ लिहिले आणि शेजारी सही केली.

बेरीज मॅडमनी केली. मग कागद मला दिला, मी केली. मग वृषालीनं केली.

"चाळीस," ती म्हणाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, "रणखांबे सरांना दुरुस्तीवर माझीही सही लागेल, चला," आणि पेपर घेऊन निघाल्या. जाताना त्यांनी वृषालीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहिला.

वृषाली बाहेर व्हरांड्यात फोन लावायला गेली. मी फळा पुसत होतो, खरं तर पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतंच. कॉलेज इतकं शांत होतं की तिचं बोलणं आत ऐकू येत होतं. आमच्याशी बोलताना ती जपून बोलायची, आईशी मात्र गावाकडचं बोलत होती.

"झाले गं पास. व्हय, चाळीस... आगं कमी कसले? सगळे माझेच हायेत... नाय, तसं नाय, फुकट कुणी काय दिलं नाय."

मग पलीकडून आईनं काहीतरी विचारलं असावं, कारण ती थोडी थांबली.

"व्हय की," ती म्हणाली. "गवांदे सरांनी. रोज शिकवलं."

मी डस्टर टेबलावर ठेवला आणि पहिल्या बाकावर बसलो. पाच वर्षं मी नोकरी करत होतो. तोवर माझ्याबद्दल असं कुणी कुणाच्या आईला सांगितलं नव्हतं.